नृत्यसाधनेला शरीरशास्त्राची जोड

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीलगत मीरा-भाईंदर शहर वसले आहे. मिठागरे, भातशेती आणि उत्तन परिसरातील मासेमारी ही एके काळी या भागाची ओळख होती. पुढे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहान-मोठे कारखाने आले आणि उपनगरी रेल्वेच्या आधाराने वस्ती वाढत गेली. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली, २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेल्याचे दिसून आले. देशाच्या नाना भागांतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांचे हे शहर अलीकडच्या काळात आणखी एका गोष्टीसाठी ओळखले जाऊ लागले आहे. ती गोष्ट म्हणजे नृत्य.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेचे विजेतेपद भाईंदर व खाडीपलीकडील नायगाव परिसरातील तरुणांच्या ‘व्ही अनबीटेबल’ या नृत्यपथकाने पटकावले. त्याआधी २०१९ मध्ये याच वाहिनीवरील मूळ स्पर्धेत हे पथक चौथे आले होते. त्याच वर्षी, त्याच रेल्वेमार्गावरील वसई-नालासोपारा भागातून पुढे आलेल्या ‘किंग्ज’ या पथकाने ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा जिंकली होती. एकमेकांच्या खांद्यांवर चढणे, उंच फेकणे, हवेत कोलांटी घेणे आणि खाली अचूक झेलणे हा या पथकांच्या नृत्याचा प्राण आहे.

‘व्ही अनबीटेबल’ या नावातील ‘व्ही’ हे विकास या सहकाऱ्याच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर होय. पथकाच्या उमेदीच्या काळात तालमीत पडून विकासला पक्षाघात झाला आणि त्यातच त्याचे निधन झाले. सहकाऱ्यांनी त्याचे नाव पथकाच्या नावात गुंफले आणि तालीम पुढे चालू ठेवली. जगभरच्या प्रेक्षकांनी हे कौशल्य पाहिले तेव्हा या नावामागची कथाही ऐकली. त्या कथेतील निष्ठा वंदनीय आहे यात शंका नाही. परंतु अशी घटना केवळ नशिबाचा खेळ मानून सोडून देणे आज योग्य ठरणार नाही. शरीर कसे घडते, कशाने थकते, कोठे मोडते आणि कशाने सावरते, याचा विचार करणारे नृत्याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. त्या शास्त्राची ओळख नृत्यशिक्षक, पालक आणि कलावंत या तिघांनाही असणे अगत्याचे आहे.

प्राचीन विचार, अर्वाचीन शास्त्र

नर्तकाच्या शरीराची निगा हा विचार आपल्याकडे नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पायांच्या हालचालींचे, म्हणजे चारींचे विवेचन करणाऱ्या अध्यायाच्या अखेरीस व्यायामाचा भाग येतो. व्यायामापूर्वी अंगाला तेल चोळावे, भूमी हीच व्यायामाची माता होय, शरीराची शुद्धी आणि पौष्टिक आहार यांकडे लक्ष द्यावे, अशा स्वरूपाचे मार्गदर्शन तेथे आढळते. उपायांचे तपशील काळाबरोबर बदलले आहेत. तथापि नृत्य शिकविताना जमीन, अन्न आणि शरीराची तयारी यांचा विचार एकत्र करावयाचा असतो, हे सूत्र आजही तितकेच खरे आहे.

अर्वाचीन काळात पाश्चात्त्य देशांतील बॅले नर्तकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक गोष्ट जाणवू लागली. नर्तक हा कलावंत असला तरी त्याचे शरीर खेळाडूइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक राबते. मात्र खेळाडूला मिळणारे शास्त्रीय मार्गदर्शन त्याच्या वाट्याला येत नाही. या जाणिवेतून १९९० मध्ये नृत्यवैद्यक आणि नृत्यविज्ञान यांना वाहिलेली एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे नियतकालिक १९९७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ब्रिटनमध्ये २०१२ साली या विषयासाठी राष्ट्रीय संस्था उभारण्यात आली. नर्तकांचे हृदयाचे ठोके, प्राणवायूचा वापर, उडीनंतर जमिनीवर पडणारा भार, दुखापतींचे प्रमाण, आहार, झोप आणि मनावरील ताण अशा सर्व अंगांचा आता पद्धतशीर अभ्यास होतो. ब्रेकिंग हा नृत्यप्रकार २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. नर्तक आणि खेळाडू यांच्यातील सीमारेषा किती पुसट झाली आहे याची ती जणू पावतीच होती.

तालमीने दम वाढतो काय?

रोज तीन-चार तास तालीम करणाऱ्याचा दम आपोआप वाढत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. अभ्यासातून मात्र वेगळेच चित्र पुढे आले. नृत्याच्या वर्गात बराच वेळ शिक्षकाचे सांगणे ऐकण्यात, चुका सुधारण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. हृदयाची गती वाढते आणि लगेच उतरते. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र काही मिनिटे शरीर जवळजवळ संपूर्ण क्षमतेने राबत असते. समकालीन नृत्य करणाऱ्या कलावंतांच्या मोजमापांत वर्ग व तालमीतील श्रम आणि रंगमंचावरील श्रम यांत स्पष्ट तफावत आढळली. म्हणजेच ज्या श्रमाची शरीराला सवय नाही, तो श्रम नेमका स्पर्धेच्या दिवशी त्याच्यावर येऊन पडतो. थकवा आला की पायाची ठेवण बिघडते, नजर ढळते, झेलणाऱ्याचा हात क्षणभर उशिरा पुढे येतो. दुखापतीला वाट मिळते ती येथेच.

यावर उपाय सोपा आहे. नृत्याच्या तालमीखेरीज आठवड्यातून दोन-तीन वेळा धावणे, दोरीवरच्या उड्या, पोहणे किंवा सायकल यांपैकी काही तरी दम वाढविण्यासाठी करावे. मांड्या, पोटऱ्या, पोट, पाठ आणि खांदे बळकट करणारे व्यायामही असावेत. वजने उचलल्याने नर्तकाच्या अंगातील लवचिकपणा जातो, हा समज चुकीचा असल्याचे दिसून आले आहे. योग्य रीतीने कमावलेली ताकद सांध्यांचे रक्षणच करते.

तालमीपूर्वी अंग गरम करण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मुले आल्याबरोबर पाय फाकवून बसतात आणि त्याच स्थितीत बराच वेळ ताण देत राहतात. थंड स्नायूंना असा दीर्घ ताण दिल्यास त्यांची ताकद तेवढ्यापुरती कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. प्रथम दहा-पंधरा मिनिटे हलके धावणे, पाय-हात फिरवणे, हळूहळू वाढत जाणाऱ्या उड्या आणि सोप्या पदन्यासांनी रक्ताभिसरण वाढवावे. दीर्घ ताण तालमीच्या अखेरीस द्यावा.

पायाखालची जमीन

नर्तकाच्या आरोग्यावर दूरगामी परिणाम करणारी, पण सहसा कोणाच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे फरशी. उडी मारून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट भार सहज येतो. लाकडी पट्ट्यांखाली पोकळी किंवा लवचिक थर ठेवून केलेली जमीन या भाराचा काही अंश स्वतः शोषून घेते. काँक्रीट किंवा त्यावर बसवलेली लादी मात्र काहीच शोषत नाही. तो सारा भार टाच, घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर यांना सोसावा लागतो.

दाटीवाटीच्या शहरांत नृत्याचे वर्ग गच्चीवर, इमारतीच्या वाहनतळात, शाळेच्या वर्गखोलीत, नाही तर मोकळ्या मैदानात चालतात. कथ्थकातील तत्कार अनवाणी, सपाट पायाने जमिनीवर आघात करीत केला जातो. भरतनाट्यममधील अडवूंतही पावलाचा ठोका महत्त्वाचा असतो. लावणीत घुंगरांचे ओझे पायांत बांधून तासन्‌तास नाचावे लागते. या तिन्ही प्रकारांत बूट घालून पायाचे संरक्षण करण्याची सोय नाही. म्हणून जमिनीची निवड हाच येथे मुख्य बचाव ठरतो. लादीवर प्लायवूडचे तक्ते आणि त्यांखाली दाट फोमचा थर अंथरला तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र तक्ते सरकणार नाहीत आणि त्यांच्या कडा पायाला अडणार नाहीत याची खात्री करून घ्यावी. तेही शक्य नसेल तर उड्यांची आणि जोरदार पदाघातांची संख्या मर्यादित ठेवून उरलेली तालीम हलक्या पावलांनी करावी.

सतत कठीण जमिनीवर नाचल्याने नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. प्रारंभी हे दुखणे अंग गरम झाल्यावर थांबते. पुढे ते नाचतानाही जाणवते आणि त्यानंतर रात्री विश्रांतीतही ठणकू लागते. हाडाच्या एखाद्या ठिकाणी बोट ठेवताच तीव्र कळ येत असेल तर तेथे सूक्ष्म तडा गेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी मलम लावून नाच चालू ठेवणे म्हणजे तडा रुंद करणे होय. काही आठवड्यांची विश्रांती आणि डॉक्टरांचा सल्ला हाच त्यावर खरा मार्ग आहे.

वाढत्या वयाची काळजी

स्पर्धांतून चमकणाऱ्या पथकांत दहा-बारा वर्षांपासूनची मुले असतात. वजनाने हलकी असल्याने सर्वांत वरच्या थरावर चढण्यासाठी किंवा फेकण्यासाठी त्यांचीच निवड होते. याच सुमारास, मुलींत साधारणतः अकरा ते चौदा आणि मुलांत बारा ते सोळा या वयात उंची झपाट्याने वाढते. हाडे लांब होतात आणि त्या मानाने स्नायू व कंडरा मागे पडतात. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कोवळा भाग या काळात विशेष नाजूक असतो. काल सहज जमणारी कोलांटी आज चुकते ती आळसामुळे नव्हे. आपल्या लांबलेल्या हातापायांचा अंदाज मेंदूला नव्याने बसवावा लागत असतो. गुडघ्याच्या वाटीखालील उंचवट्यावर दुखणे ही या वयातील नेहमीची तक्रार होय. शिक्षकाने दर दोन-तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजून ठेवली आणि झपाट्याने वाढणाऱ्या मुलाच्या उड्या तेवढ्या काळापुरत्या कमी केल्या, तर पुढची पुष्कळ हानी टळते.

नृत्यशैलीनुसार दुखण्याच्या जागाही बदलतात. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून अर्धे बसावयाचे असते. हे वळण मुळात खुब्याच्या सांध्यातून यावयास हवे. ते तेथून न घेता पावले जबरदस्तीने फाकवली तर गुडघ्याला पीळ बसतो. प्रत्येक मुलाच्या खुब्याची ठेवण जन्मतः निराळी असते. सर्वांकडून एकाच कोनाचा हट्ट धरणे त्यामुळे शरीरशास्त्राला धरून नाही. ब्रेकिंगसारख्या प्रकारात मनगट, खांदा आणि मान यांवर भार येतो. चित्रपटगीतांवरील वेगवान नृत्यात घोटे आणि कंबर यांना अधिक सोसावे लागते.

उंचीचे गणित

मनोरे आणि फेकाफेकी यांवर आधारलेल्या नृत्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. त्यात दुखणे हळूहळू वाढत नाही. जे काही घडते ते एका सेकंदाच्या आत घडते. शालेय पदार्थविज्ञानाच्या आधाराने हे सहज समजते. तीन मीटर उंचीवरून पडणारी व्यक्ती साधारणतः पाऊण सेकंदात जमिनीवर येते. त्या वेळी तिचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. उंची पाच मीटर झाली तर वेळ एक सेकंद आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत जातो. माणसाला धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणून झेल चुकतो आहे हे कळल्यानंतर धावणाऱ्या मदतनीसाचा फारसा उपयोग होत नाही. मदतनीस आधीपासून ठरल्या जागी, हात वर आणि नजर वर ठेवून उभा असला पाहिजे.

शरीराला बसणारा मार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. किती उंचीवरून पडले ही एक, आणि किती अंतरात थांबले ही दुसरी. तीन मीटर उंचीवरून आलेले शरीर जाड गादीत किंवा झेलणाऱ्यांच्या खाली जाणाऱ्या हातांत तीस सेंटिमीटर खचत थांबले, तर त्यावर सरासरी वजनाच्या सुमारे दहापट बल येते. तेच शरीर पातळ चटईवर तीन सेंटिमीटरमध्ये थांबले तर बल शंभरपटीवर जाते. जाड गादी आणि सतरंजी यांत किती अंतर आहे हे या साध्या हिशेबातून दिसते. झेलणाऱ्यांनी हात ताठ न ठेवता गुडघे व कोपरे वाकवीत खाली जावे, असे अनुभवी शिक्षक सांगतात, त्यामागील कारणही हेच.

महाराष्ट्राला अशा कसरतींची दीर्घ परंपरा आहे. बाळंभटदादा देवधर यांच्याशी ज्याची परंपरा जोडली जाते तो मल्लखांब, आणि १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्था यांनी शरीर कमावण्याची शिस्तबद्ध पद्धत जोपासली आहे. साध्या पकडीपासून प्रारंभ करावयाचा, एक प्रकार पक्का झाल्याखेरीज पुढचा हाती घ्यावयाचा, चढण्याआधी उतरणे शिकावयाचे, ही ती पद्धत होय. नृत्यपथकांना हा वारसा जवळच उपलब्ध आहे. नवी फेक प्रथम कमरेच्या उंचीवर, मग खांद्याच्या उंचीवर, दोन्ही वेळा जाड गादीवर आणि जादा झेलणाऱ्यांसह करावी. सलग अनेक वेळा ती निर्दोष झाल्यानंतरच उंची वाढवावी. अवघड फेकी तालमीच्या अखेरच्या तासात करू नयेत. अंग गरम झाल्यानंतर, पण थकवा येण्यापूर्वी, त्यांची वेळ असते.

दहीहंडीच्या संदर्भात राज्यात झालेली चर्चाही येथे मार्गदर्शक ठरावी. थरांवर चढणाऱ्या लहान मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न न्यायालयापुढे गेला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वय व उंची यांवर कडक मर्यादा घातल्या. २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, अशी हमी राज्य शासनाने उच्च न्यायालयात दिली. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा झाली आणि गोविंदांसाठी विम्याचे संरक्षण पुढे आले. शिरस्त्राण, सुरक्षापट्टा आणि खाली गाद्या यांचा आग्रह आता सर्वत्र धरला जातो. हे नियम नृत्यवर्गासाठी केलेले नाहीत हे खरे. परंतु एका खांद्यावर दुसरा उभा राहिला की गुरुत्वाकर्षण सण आणि स्पर्धा असा भेद करीत नाही.

अपघात घडलाच तर

मानेत सात मणके असतात आणि त्यांतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूची आज्ञा हातापायांपर्यंत नेणारा हाच मार्ग होय. मानेच्या पातळीवर त्याला गंभीर इजा झाल्यास चारही अवयव लुळे पडू शकतात, श्वासही अडचणीत येतो. इजा झालेला मज्जारज्जू पुन्हा पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय वैद्यकाला अद्याप सापडलेला नाही. म्हणून पहिल्या काही मिनिटांत काय केले जाते याला अपार महत्त्व आहे. कित्येकदा मणका मोडलेला असतो, पण मज्जारज्जू शाबूत असतो. मदतीसाठी धावलेले लोक जखमीला उठवून बसवतात, पाणी पाजतात, खांद्यावर घेऊन रिक्षात घालतात आणि या धडपडीत मज्जारज्जू दुखावला जातो.

उंचावरून डोक्यावर, मानेवर किंवा पाठीवर कोणी पडल्यास त्याला हलवू नये. मान वळवू नये, उशी देऊ नये. एकाने दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे आणि जखमीशी शांतपणे बोलत राहावे. दुसऱ्याने तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. राज्यात २०१४ पासून चालू असलेल्या या रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर आणि मान स्थिर ठेवण्याची साधने उपलब्ध असतात. श्वास थांबला असेल तर मात्र छातीवर दाब देऊन तो चालू करण्यालाच अग्रक्रम द्यावा लागतो. प्रत्येक वर्गातील दोघा-तिघांनी तरी प्रथमोपचाराचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असावे.

घोटा मुरगळणे ही नर्तकांची सर्वाधिक आढळणारी आकस्मिक दुखापत आहे. पहिले दोन-तीन दिवस तेल लावून चोळणे किंवा पाय ओढून घेणे टाळावे. विश्रांती, पट्टीचा आधार, पाय उंचावर ठेवणे आणि वेदना कमी करण्यासाठी बर्फाचा शेक एवढे पुरते. हाड मोडले आहे काय हे ठरविण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक सुटसुटीत पद्धत मांडली. तिचा सामान्य माणसाला उपयोगी पडेल असा सारांश असा : त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या बाजूने दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असेही नव्हे. एका पायावर डोळे मिटून तोल सांभाळता येईपर्यंत भौतिकोपचाराचे व्यायाम चालू ठेवले नाहीत, तर तोच घोटा पुनःपुन्हा मुरगळतो.

अन्न, झोप आणि सूर्यप्रकाश

सडपातळ दिसण्याच्या आग्रहापायी नर्तक, विशेषतः मुली, कमी खातात. श्रम अधिक आणि अन्न अपुरे अशी स्थिती दीर्घकाळ राहिली तर शरीर प्रथम मासिक पाळीची गती मंद करते, पुढे हाडांची घनता घटते. १९८६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात तरुण बॅले नर्तिकांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उशिरा आलेली किंवा थांबलेली पाळी आणि हाडांचे तडे यांचा संबंध त्यातून पुढे आला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या स्थितीची व्याख्या व्यापक केली आणि ती मुलांतही आढळते हे स्पष्ट केले. पाळी तीन महिने आली नाही तर ती लाजेची वा सोयीची बाब न मानता डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडे रक्तक्षयाचा प्रश्न यात भर घालतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी असेल तर दम लवकर लागतो. तो दम वाढविण्यासाठी तालीम वाढवली तर थकवा आणखी वाढतो. डाळी, उसळी, हिरव्या पालेभाज्या, नाचणी, शेंगदाणे, अंडी, मासळी हे स्वस्त आणि स्थानिक पदार्थ आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी शोषले जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. बंद खोलीत दिवसभर तालीम करणाऱ्यांच्या अंगात ड जीवनसत्त्वही कमी पडते. ब्रिटनमधील बॅले नर्तकांना हिवाळ्यात हे जीवनसत्त्व दिल्यावर त्यांची उडी सुधारली आणि दुखापती घटल्या, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. झोपेबाबतही तेच. वाढत्या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी. शाळा, शिकवणी आणि मध्यरात्रीपर्यंत तालीम हा क्रम फार दिवस निभावत नाही.

सोसण्याची परंपरा आणि सांगण्याची सवय

आपल्या लोककलांच्या इतिहासात सोसण्याचे दाखले पुष्कळ आहेत. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांनी प्रयोग चालू असताना पडद्याआड बाळाला जन्म दिला आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राने आदराने जतन केली आहे. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांना पुरस्कारही देते. परंतु तो प्रसंग म्हणजे पोटासाठी उभ्या असलेल्या एका थोर स्त्रीची निरुपायाने झालेली परीक्षा होती. तिला नियम समजणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. आजच्या मुलाने दुखणे सांगितले तर पथकातील जागा जाईल अशी भीती त्याला वाटू नये, हे पाहणे शिक्षकाच्या हाती आहे. वेळेवर सांगितलेले दुखणे आठवड्यात बरे होते. लपवलेल्या दुखण्यात मात्र अख्खा हंगाम जातो, कधी कधी कलाही जाते.

नोंदवहीपासून आरंभ

नृत्याचे शास्त्र म्हणजे महागडी यंत्रे आणि परदेशी प्रयोगशाळा एवढाच अर्थ घेण्याचे कारण नाही. पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे हा कोणत्याही शास्त्राचा पाया असतो. त्यासाठी एक नोंदवही पुरते. तालमीची तारीख, तास, जमीन कोणती होती, नवी फेक कोणती घेतली, कोणाला काय दुखले आणि तो किती दिवस नाचू शकला नाही, एवढ्या नोंदी सहा महिने ठेवल्या की कोणता दिवस, कोणती हालचाल आणि कोणती वेळ धोक्याची आहे हे शिक्षकाला स्वतःलाच दिसू लागते. जवळपासच्या भौतिकोपचार महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अशा नोंदी अभ्यासासाठी उपयोगी पडतील आणि पथकांना त्यांच्याकडून तज्ज्ञ सल्ला मिळेल. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्य करणारी भौतिकोपचार व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था रेल्वेने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

मीरा-भाईंदर शहरात आता नाट्यगृह उभे आहे, शाळांची सभागृहे आहेत आणि नृत्याच्या ओढीने येणारी मुले तर गल्लोगल्ली आहेत. काही जाड गाद्या, लाकडी तक्त्यांची जमीन आणि प्रथमोपचार शिकलेले दोन हात यांची एखाद्या वर्गाने, मंडळाने वा शाळेने व्यवस्था केली, तर त्यासाठी होणारा खर्च एका स्पर्धेच्या पोशाखांहून फार मोठा नसेल. पालकांनीही मुलाला वर्गात घालताना फी आणि बक्षिसांची संख्या विचारण्याबरोबरच खाली जमीन कोणती, गादी किती जाड आणि झेलणारे किती, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.